डोळा भरणे

माझ्या वहीत अकरा रकाने होते.
प्रार्थना सकाळची, प्रार्थना रात्रीची, दशांश,
खोटं बोलले नाही, चहाडी केली नाही,
रविवारी शिवणयंत्राला हात लावला नाही,
आणि पुढे बरोबरची खूण, लाल शाईनं.
मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होते मी.
तापाचे तक्ते भरायची सवय, सुटली नाही.
मेकोसाबागेत म्हणायचे,
युनीकेबाई म्हणजे खरी ख्रिस्ती.

भिंतीपलीकडे, त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात
सलोमीवहिनी राहायची.
एकोणीस वर्षं बोलले नव्हते तिच्याशी.
त्याला रकाना नव्हता.

नाताळाआधी काटोल रोडच्या रोपवाटिकेत
झिंगरूजी उकिडवे बसून
जंभेरीला संत्र्याचा डोळा भरत होते.
सालीवर चाकूनं एक रेघ उभी, एक आडवी.
साल अलगद उचलली, डोळा आत सरकवला, पट्टी बांधली.
मी विचारलं, जंभेरीलाच भरपूर खत घातलं तर?
"तं जंभेरीच येईन ना बाई. मोठी. आंबट."
आणि संत्री आणून वरून दोऱ्यानं बांधली तर?
"दोन दिवस दिसतीन चांगली."

एक उभी, एक आडवी.
चाळीस वर्षं गळ्यात घालून फिरत होते मी ती खूण.
सालीच्या आत कधी गेली नव्हती.

वाटलं, आता काहीतरी होईल.
काही झालं नाही. नाताळ झाला,
करंज्या झाल्या, रकाने भरत राहिले.

मे महिन्यात, कूलरसुद्धा झळा फेकत होता तेव्हा,
वहिनीचा नळ कोरडा पडला.
तिनं मागितलं नाही. मीही ठरवलं नाही.
फक्त माझ्या हातात दोन गुंड होते भरलेले
आणि मी तिच्या दारात, अनवाणी, तळवे पोळत.
"काहून आली?" ती म्हणाली.
मला उत्तर येईना. खरंच येईना.
वचन आठवलं नाही, आज्ञा आठवली नाही.
तिच्या कानामागचे पांढरे केस दिसले,
आणि माझ्या आतून कुणीतरी, जो मी नव्हे,
माझ्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता.
"पाणी सांडून राहिलं," ती म्हणाली.
दोघींनी मिळून पुसलं.

रात्री वही उघडायची राहून गेली.
दुसऱ्या रात्रीही.

पावसाळ्यानंतर मी झिंगरूजींचं एक रोप आणलं.
डोळा लागला की जंभेरीचा शेंडा छाटा लागते, म्हणाले.
हे आधी सांगितलं नव्हतं त्यांनी.
मी उगाच माझी मान चाचपली.

आणि मूळ तर जंभेरीचंच राहतं.
खालून फुटवे येतात. कालही आला एक, काटेरी:
वहिनीनं पातेलं परत दिलं, तळ जळका,
आणि एकोणीस वर्षं माझ्या जिभेवर ताजी होऊन आली.
खुडला. बोट थोडं रक्ताळलं.

वर, छाटल्या जागेच्या जरा खाली,
वाकून बघते रोज.
हिरवा आहे.