उघाडी

केळशीच्या खारबांधाला एक उघाडी आहे.
लाकडी झडप. भरती आली की आपली आपण मिटते.
मिटायच्या आधी पाणी क्षणभर कुठेच जात नाही,
तेवढ्यात इंदू पावशे आणि मी
पोटावर सरपटत आत गेलो.

मला वाटलेलं, पलीकडे सुभान्याचं भातखाचर.

पलीकडे खाडी वर होती, आभाळाच्या जागी.
डोक्यावरून बोयटांचा थवा गेला.
चिखलात होड्या उगवलेल्या,
हिरव्या, वीतभर, अजून शिडं न फुटलेल्या.
आणि एक कुर्ली वाटेत आडवी:
“जकात?”

माझ्या खिशात गोटी, कोकमाच्या तीन बिया.
नको म्हणाली.
इंदूने शिट्टी दिली,
दोन बोटं तोंडात घालून वाजवायची ती,
जिने पार बंदरावरची कुत्री उठायची.

घरी आलो तेव्हा दोघांनाही चिखलासाठी मार बसला.
शिट्टीचं कुणी विचारलं नाही.

इंदू आता पोस्टात असते. फुंकर मारते, नुसता वारा येतो.
पण अवसेला, पाणी वळताना,
बांधाखालून कुणीतरी वाजवतं.
फुसकं, तुटक, मध्येच थुंकी अडकलेलं.

“इतकी वर्षं झाली,” इंदू म्हणते,
“अजून बोटं चुकीची धरते मेली.
जाऊन दाखवायला हवं.”

आणि साडी खोचते.