सात मिनिटं मागे

आमच्या चर्चचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं.
कधीपासून, ते कुणालाच सांगता यायचं नाही.
गुरुवारची बस त्याच घड्याळाने सुटे,
शाळा त्याच घड्याळाने भरे,
थर्झा मॅडॉक्स पोस्टाची खिडकी उघडे तीही तेव्हाच.
रेडिओवर लंडनचे ठोके आधी पडत
आणि आई पीठ मळता मळता म्हणे,
"त्यांना घाई आहे, बिचाऱ्यांना."

शांत गाव, म्हणतात लोक.
शांत कसलं!
दगडी भिंतीवर टोमणे मारणारे कावळे,
ओढ्याचं रात्रभर चाललेलं पुटपुटणं,
आणि हेडली क्राउचचं त्याच्या बहिणीशी भांडण,
एका कुंपणावरून, अकरा वर्षं.
अक्षर बोलत नसत एकमेकांशी.
पण हिवाळ्यात भिंतीवर कोबीचा गड्डा दिसे,
दुसऱ्या दिवशी त्याच जागी
जांभळ्या मुरंब्याची बरणी.
बरणी धुऊन परत जाई. शब्द नाहीच.

किल्ली द्यायचं काम आयव्हर पिजलीचं.
दर शनिवारी एकेचाळीस पायऱ्या,
एका खिशात तेलाची कुपी,
दुसऱ्यात चीज आणि अर्धा कांदा.
मी दहा वर्षांची, कंदील धरायला.
वर कबुतरांच्या शिटेचा कोरडा वास
आणि लोलक,
गाय रवंथ करते तसा, स्वतःच्याच तंद्रीत.
"पुढे नाही का करता येणार?" मी एकदा विचारलं.
तो चाकाचे दाते पुसत राहिला.
"येईल की. न यायला काय झालं?"
आणि कांद्याचा एक तुकडा माझ्यापुढे केला.

अडुसष्ट साली वीज आली मनोऱ्यात.
ब्रिस्टलहून एक माणूस आला, स्वच्छ नखांचा,
त्याने काटा पुढे सरकवला आणि सही घेतली.
दुसऱ्या दिवशी अख्खं गाव उशिरा.
बस निघून गेलेली, मिस टॉली
टोपलीतल्या अंड्यांसकट थांब्यावर उभी,
मास्तर रिकाम्या वर्गात हजेरी घेताहेत.
दारूच्या गुत्त्यात त्या रात्री एकच विषय:
आपली सात मिनिटं गेली कुठे?
आयव्हर कोपऱ्यातून म्हणाला,
"माझ्याकडे आहेत. ती त्यांना दिलेली नाहीत."

शनिवारी मात्र तो मनोऱ्याच्या दाराशी येई.
दाराला आता कुलूप.
थोडा वेळ उभा राही, कांदा खाई, घरी जाई.

त्याची शवपेटी चर्चला उशिरा पोचली,
गल्लीत मेंढ्या आडव्या आल्या म्हणून.
किती उशिरा, ते मोजलं नाही कुणी.
मी मोजणार होते,
पण समोर क्राउच भावंडं बसली होती,
एकाच बाकावर, मध्ये टोपी ठेवून,
आणि माझं लक्ष त्या टोपीकडेच राहिलं.

आता तिथल्या घरांच्या दारांना
आकड्यांची कुलपं आहेत,
शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात,
रविवारी विझतात.
थर्झाच्या खिडकीत कुणीतरी
लव्हेंडरचे साबण मांडलेत.
घड्याळ अगदी बरोबर आहे.

स्विंडनमधल्या माझ्या स्वयंपाकघरातलं नाही.
मुलगी आली की खुर्चीवर चढून ते दुरुस्त करते,
ती गेली की मी चढते.
गुडघे कुरकुरतात, काटा मागे येतो,
आणि कधी कधी, देवाशपथ,
बोटांना कांद्याचा वास येतो.