छाननी

जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत एकतीस वर्षं
मी अर्ज तपासले.
तीन पदं, अकराशे अर्ज, एक लाल पेन्सिल:
जन्मतारीख, दाखला, खाडाखोड, फोटोवर सही.
म्हणून कचराळी तलावाच्या बाकावर
अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडायची वेळ आली
तेव्हा मंडळींनी कागद माझ्याकडे दिला.

"पात्रता वाच," चौबळ म्हणाला.
वाचली. मुलीनेच लिहून पाठवली होती.
वय पस्तीस पूर्ण. जन्माने तिथला नागरिक.
चौदा वर्षं वास्तव्य.
"पुढे?"
पुढे काही नाही.
"टंकलेखन?"
नाही.
"निदान एमएससीआयटी?"
नाही रे बाबा.
आमच्याकडे शिपायाला सातवी पास लागायची
आणि सायकल यायला हवी,
मागच्या आवारात चालवून दाखवायची, आठचा आकडा काढून.
तिथे अणुबॉम्बची किल्ली हातात देतात
आणि सायकलचं कुणी विचारत नाही.

मग वाद तापला.
चौबळचं म्हणणं, अनुभव. आधी एखादं राज्य चालवलेलं हवं,
नाहीतर एखादं मोठं दुकान तरी.
बेनेडिक्ट म्हणाला, दुकानदाराला गिऱ्हाईक दिसतं, माणूस दिसत नाही.
त्याची स्वतःची बेकरी, तेव्हा माहीत असणार.
लालवानी वयावर अडला:
"अठ्ठावन्नला आपल्याला नारळ दिला,
आणि तिकडे आजोबांना नोकरी लागते!"

मोरेश्वर नाखवा सगळ्यात शेवटी बोलला.
चेंदणीचा. खाडीत मासा होता तेव्हा
बापाची होडी होती.
"तांडेल जाळं टाकताना पारखू नये.
फिरताना पारखावा.
पाणी बिघडलं की जो म्हणतो, चला, आज नाही,
त्याच्या होडीत आपलं पोर बसवावं."
थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग चौबळने विचारलं, "पण त्याचं शिक्षण किती?"

मुग्धाचा फोन साडेसातला येतो.
तिथे अजून कालची रात्र.
टेबलावर मतपत्रिकेचा लिफाफा पडलाय, पहिलंच मत.
तिने शपथ घेतली त्याला सात महिने झाले.
त्या दिवशी तिची आई
घासलेली भांडी पुन्हा घासत बसली होती.
"बाबा, तुम्ही एवढी माणसं निवडलीत. सांगा ना."

मला मोखाड्याचा तो मुलगा आठवला.
सत्त्याऐंशी साल, शिपायाची मुलाखत.
साहेबांनी विचारलं,
वरिष्ठांनी चुकीचं काम सांगितलं तर काय करशील?
बाकीच्यांचं उत्तर पाठ होतं: आज्ञेचं पालन.
हा म्हणाला, "जरा वेळ उभा राहीन.
ऐकलंच नाही असा.
मग साहेबांना परत सांगावं लागंल.
दुसऱ्यांदा सांगताना माणसाला कळतं."
साहेब हसले.
सायकलही त्याने पाय टेकत टेकत चालवली.
शेरा मी लिहिला: अपात्र.
अक्षर चांगलं होतं माझं.

हे सगळं फोनवर कसं सांगायचं?
म्हणालो, "त्यांच्यात जरा वेळ उभं राहणारं
कोण आहे, ते बघ."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, "बाबा, असा रकाना नाहीये इथे."
नसणारच. आमच्याही अर्जात नव्हता.

मागे नातवाचा आरडाओरडा,
दात घासायचे नव्हते त्याला.
वय आठ. जन्म तिथला. वास्तव्य सलग.
सत्तावीस वर्षं कमी, बाकी कागदपत्रं पूर्ण.
मी हे मोठ्याने म्हटलं असावं,
कारण आतून हिचा आवाज आला:
"आधी सायकल शिकवा म्हणावं त्याला."