मुद्दा क्रमांक सात

शिक्षा किरकोळ होती : न्यायालय उठेपर्यंत.
मागच्या बाकावर बसून राहिलो,
शिपाई कूलरमध्ये पाणी भरत होता
तेव्हा उठून पाइपही धरला.
भरपाई मात्र दोन लाख चाळीस हजार,
मनोहर हेडाऊच्या दोन बोटांची.

तर्जनीचा आणि मधल्या बोटाचा भाव सारखा कसा,
हे निकालपत्रात कुठे नाही.
इतवारीतल्या त्या इमारतीत
लिफ्टच्या दाराची स्प्रिंग ढिली होती, मला माहीत होतं.
उद्या बदलू म्हटलं.
हे मी साक्षीतही सांगून टाकलं.
लोहकरे वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या,
"तुमाले कोणी विचारलं होतं काजी?"

अपिलाची मुदत तीस दिवस.
सव्विसाव्या दिवशी सिव्हिल लाइन्सला,
फाटकापाशी कडूनिंबाखाली
मडावी टायपिस्ट बडवत होता माझी गरिबी :
एक, पगार चौदा हजार.
दोन, नंदनवनातलं घर भाड्याचं.
तीन, ऐपतीचा विचार खालच्या न्यायालयाने केला नाही.
सगळं खरं.
आपलीच गरिबी अशी
दुहेरी अंतर सोडून, समास आखून वाचताना
दुसऱ्या कोणाची वाटते, जरा बरीही वाटते.

सात : जखमीचा उजवा हात शाबूत असून
तो आपला धंदा पूर्ववत करू शकतो.

धंदा घड्याळदुरुस्तीचा.
मी पाहिलं होतं त्याला, दिवाळीआधी,
समोरच्या हार्डवेअरमधून वायसर घेताना.
डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा,
आणि डाव्या पंज्यातून घड्याळ निसटलं.
तो वाकला टेबलाखाली.
मी वायसर मोजून घेतले, पैसे दिले,
सुट्टे परत घेतले,
तो अजून खालीच होता.

"सात काढा," म्हटलं.
मडावी म्हणाला, "मंग आठचा सात होते,
अख्खं पान पुन्हा मारा लागते. वीस रुपये."
बाई फोनवर ओरडल्या, जोरदार मुद्दा तोच होता.
असेल.
वीस रुपये दिले.

वरचं न्यायालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
सवयीने दाराला कान लावला :
वरचा कॉन्टॅक्टर चिकटलाय, अर्ध्या तासाचं काम.
जिन्याने गेलो.
साठ हजार भरा, तोवर स्थगिती, पुढली तारीख.
साठ हजार! बायकोला काय सांगू
या विचारात कठड्याला धरून उतरलो
तर खालच्या पायरीवर हेडाऊ,
डावा हात पँटच्या खिशात.

तोंड फिरवावं तर जिना अरुंद.
तो माझ्या मनगटाकडे बघत होता.
"सात मिनिटं मागं हाय तुमचं," म्हणाला,
"दुकानात आणून द्या."
आणि वर चढून गेला, नक्कल घ्यायला.

तेव्हापासून घड्याळ खिशात घेऊन फिरतोय.
इतवारीवरून दोनदा गेलो.
अपील प्रलंबित असताना
असं काही चालतं का,
बाईंना अजून विचारलेलं नाही.