अस्तर

रुवीच्या मागच्या गल्लीत सत्तावीस वर्षं
मी लोकांचे दिशदाशे शिवले.
सरळ टीप, गळ्याशी गोंडा,
ईद तोंडावर आली की रात्रभर पायाखाली मशीन.

आज हलीमाचे कपडे कात्रीखाली घेतले.
दवाखान्यातला निळा गणवेश,
बाहीवर आयोडीनचा डाग, तो राहू दिला.
फुलाफुलांचा गाउन, कोपरात विरलेला.
म्हसळ्याहून आणलेली ओढणी,
टोकाला गाठ. कशाची आठवण म्हणून मारली
ते तीच विसरून गेलेली.
सोडली. आत काही नव्हतं.

वाकळ मशीनवर होत नाही.
हातानं धावदोरा घालायचा,
आणि माझा हात, सांगायला लाज वाटते,
वाकडा चालतो.

वरच्या मजल्यावरचा वर्गीस विचारतो,
एवढ्या उकाड्यात हे कशाला?
त्याला काय सांगू,
ती म्हणायची, एसी जरा कमी करा,
आणि मी, दिवसभर इस्त्रीच्या वाफेत शिजलेला,
कूस बदलायचो.

अस्तराला कापड कमी पडलं.
कपाटाच्या तळाशी निघालं:
मत्रहच्या बाजारातलं, डाळिंबी, अडीच मीटर,
किमतीची चिठ्ठी अजून टाचणीला.
“सवड मिळेल तेव्हा शिवा,” म्हणाली होती.
घडीच्या रेषेवर रंग उडालाय.

वाकळीला माप लागत नाही, तरी
मापाची वही काढली.
सालेम, नासर, हमूद,
पानंच्या पानं खांदे आणि छात्या.
तिचं पान नव्हतं.

कापड कापलं नाही.
अख्खंच खाली अंथरलं.