अर्धा सूत

माग विकला, पण खड्डा बुजवला नाही.
त्यावर कडप्पा बसवला, कडप्प्यावर काचेची टाकी.
टांडापेठेतल्या त्याच खोलीत, त्याच जागी
मी अजून बसतो,
फक्त पाय आता खाली सोडता येत नाहीत.

डिसेंबरात एंजलच्या परांची किनार पांढरी दिसली,
टोकं दातरलेली, दशा सुटलेल्या.
छत्तीस वर्षं करवतकाठी विणली आहे,
काठ कुठून उसवतो ते मला कळतं,
असं मला वाटलं.

सक्करदऱ्याच्या दुकानात मोरेश्वर म्हणाला,
"पर सडून राह्यले काका. निळं टाका."
किती, ते बोटाच्या पेरावर दाखवलं.
कशात, ते मी विचारलं नाही.
घरी येऊन अख्ख्या टाकीत ओतलं.
नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं पाणी,
आणि त्यात मासे म्हणजे नुसता अंदाज.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळलं.
फिल्टरच्या स्पंजात जे काही घाण खाऊन जगत होतं
ते डोळ्यांना दिसत नव्हतं,
म्हणून मी ते मोजलंच नव्हतं.
ते औषधानं मेलं.
सकाळी दोन मॉली वर तरंगत होत्या,
काळ्या, कोटाच्या बटणाएवढ्या.
त्यांना तर काहीच झालेलं नव्हतं.

कौसल्या म्हणाली, "माह्या गुडघ्याकडे
इतकं निरखून पाह्यलं अस्तं तं!"
पण बादल्या तिनेच भरून ठेवल्या,
नळाचं पाणी, रात्रभर उघडं,
क्लोरीनचा वास उडेस्तोवर.
रोज चौथा हिस्सा काढायचा, चौथा घालायचा.
काढलेलं मोरीत. माझ्या कढीपत्त्याला द्यायचं नाही,
हे तिनं दोनदा बजावलं.

एंजल वेगळ्या टबात.
जाडं मीठ, चार लिटरला चहाचा एक चमचा,
हीटर अठ्ठावीसवर,
कारण बाहेर नऊ होते
आणि आमच्या कौलांतून ते नऊच्या नऊ आत येत.
आठवड्यात तो खायला लागला. पर झिजायचे थांबले.
बरा झाला म्हणून टाकीत सोडला,
तर चार दिवसांत पुन्हा दशा.

या वेळी मी बाटलीचं झाकण उघडलं नाही.
मागावर धागा तुटला की आधी हात थांबवायचा,
मग ताण्यावरून बोट फिरवत मागे मागे जायचं.
खोलीतला दिवा मालवला, टाकीतला ठेवला,
शाल घेऊन बसलो.
कुणाचा श्वास जलद, कोण कोपरा धरतो,
कोण दगडाला अंग घासतो,
कुणाचे खवले उभे राहिलेत.
कुणाचेच नाहीत.
मग टायगर बार्ब आला,
माझा लाडका, पट्ट्यापट्ट्यांचा,
काचेला बोट लावलं की धावत येणारा.
धोट्यासारखा सरळ गेला
आणि एंजलच्या पराचा एक धागा तोडून परत.
पुन्हा इकडून. पुन्हा तिकडून.

"आजार नाही जी," कौसल्या मागून म्हणाली,
(ती कधीची उभी होती कोण जाणे)
"शेजार आहे."

बार्बला पिशवीत घालून सक्करदऱ्याला नेलं.
मोरेश्वर म्हणाला, "एकटा ठेवला की असाच करते हा,
संगं सहा-सात पायजेत."
घेताना का नाही सांगितलं?
"तुम्ही एकच मागतला, काका."
परत येताना पिशवी रिकामी होती
तरी मी ती दोन्ही हातांनी धरली होती,
हे गोळीबार चौकात लक्षात आलं.

पर पुन्हा येतायत.
रंग नाही अजून त्यांना, आरपार दिसतं,
खळ न लावलेल्या कोऱ्या सुतासारखे.
सकाळी चहा ठेवून कौसल्या विचारते,
मी मागावर असताना विचारायची त्याच आवाजात,
"किती झालं जी आज?"
मी काचेला पट्टी लावून सांगतो,
अर्धा सूत.