अर्धा वॅट

पणजीच्या शोरूममधला मुलगा म्हणाला, काका,
दोनशे वॅटचा घ्या, घर हलेल.
मी म्हटलं, घर चिऱ्याचं आहे, हलायला नको,
आतल्या खोलीत माणूस झोपलेलं असतं.
तो हसला. त्याला वाटलं, तान्हं मूल.

सुलक्षा बांबोळीला नर्स. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी.
सकाळी साडेआठला तिची स्कूटर आगशीच्या उतारावर ऐकू येते.
पेज खाते, चार शब्द बोलते
आणि पडदा ओढून तीनपर्यंत नाहीशी होते.
मी निवृत्त. खनिजाच्या बार्जवर, इंजिनाला खेटून, एकतीस वर्षं.
कानांचं व्हायचं ते झालं,
जे उरलंय त्याला आता तंबोरा ऐकायचाय.
साडेआठ ते तीन.
हळू.

पहिला ॲम्प म्हापशाहून आणला, जुना आणि पाट्यावरवंट्याएवढा जड.
त्याची मूठ शून्यावरून सुटली
की आधी डावा स्पीकर जागा व्हायचा,
मग कधीतरी उजवा, धाकट्या भावासारखा.
दोघं उठेस्तोवर आवाज दाराबाहेर.
त्यात आमची खारी हवा. ऑक्टोबरात मूठ फिरवली
तर पापड मोडल्यासारखी खरखर.

मग मूठ तशीच सोडली, आवाज फोनवरून उतरवला, आकड्यांतच.
भाचा म्हणाला, मामा, असं केलं की खालचे बिट गळतात.
संपलं.
त्या दिवसापासून मला खर्जाची तार
गळालेलीच ऐकू यायला लागली.

नेवऱ्याला सिप्रियान आहे, फेस्ताचे कर्णे दुरुस्त करतो.
राळेच्या धुरातून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं
आणि लॉटरीच्या तिकिटामागे हिशेब मांडला:
तुझ्या डॅकमधून येतात दोन व्होल्ट.
हा ॲम्प त्यांचे करतो चाळीस.
मग तू मूठ पिळून त्यांचे करतोस पाव.
पात्रांव, अख्खी झुवारी घरात घ्यायची
आणि तांब्यानं मोजत बसायचं?
आणि बिटांचं म्हणशील तर आता ते बत्तीस असतात,
गळाले तरी तुला कळायचे नाहीत,
तुझ्या कानात अजून बार्ज चालू आहे.

लागतो किती? अर्धा वॅट.
तो तर दोन व्होल्टांतच बसतो.

तीन आठवड्यांनी त्यानं एक पेटी दिली,
बिस्किटाच्या डब्याहून थोडी मोठी.
जेवढे व्होल्ट आत, तेवढेच बाहेर.
वाढवत काही नाही, म्हणाला,
फक्त त्यांच्या पाठीशी उभी राहते.
मग हिला ॲम्प्लिफायर का म्हणायचं?
नको म्हणू, म्हणाला, आणि पैसे मोजून घेतले.
पुढे एक मूठ, तेवीस टप्प्यांची.
प्रत्येक टप्प्याला डाव्याउजव्याचे वेगळे रोध,
एकेक मोजून जुळवलेले.
फिरवली की कुलूप उघडल्यासारखी टिक्.

मंगळवार, अकरा वाजत आलेले.
सहाव्या टप्प्यावर नुसता पंखा.
सातव्यावर चारही तारा, खर्जासकट,
लाल कोब्यावरून सरकत पडद्यापर्यंत आल्या
आणि तिथेच थांबल्या, चपला काढायला थांबावं तशा.
इतकं नेमकं हळू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.
लॉटरीचं ते तिकीट मी खिशातून काढून परत पाहिलं.

आतून आवाज आला:
एवढं बारीक कशाला लावलंय?
मला वाटलं, तिला डिवचून उठवलं मी.
सॉरी म्हणालो, बंद करतो.
बंद कशाला? नीट लाव.
वॉर्डात रात्रभर हेच असतं,
पडद्यापलीकडे कुणीतरी हळू बोलत असतं
आणि माझा कान तिकडेच.
ऐकू येऊ दे नीट, म्हणजे ऐकावं लागणार नाही.

आठ. टिक्. नऊ.
दहाव्यावर कूस बदलल्याचा आवाज, खाट तिची जुनीच आहे.
अकराव्यावर काहीच नाही.
बाहेर मासळीवाल्यानं भोंगा वाजवला, त्याला कुठली आलीय मूठ.
आतून तरीही काही नाही.

बाराव्याच्या अलीकडे बोट ठेवून
मी अजून उभा आहे.